आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅडमिंटनमधली सगळ्यात मोठी स्पर्धा कोणती?

कोणाला विचारता त्यावर उत्तर बदलतं. सरकारला आणि जाहिरातदारांना विचारलंत तर ऑलिंपिक. जुन्या खेळाडूंना विचारलंत तर ऑल इंग्लंड. ‘जगज्जेता’ हा किताब मात्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतच मिळतो. आणि इंडोनेशियातल्या एखाद्या चाहत्याला विचारलंत तर तो बहुधा थॉमस चषकाचं नाव घेईल. माझं मतही त्याच बाजूला झुकतं. का, ते पुढे येईलच.

आपल्याकडे बॅडमिंटन म्हटलं की डोळ्यांसमोर एकेरी येते: सायना, सिंधू, श्रीकांत, लक्ष्य. पण या खेळाचे पाच प्रकार आहेत आणि त्यातले तीन दुहेरीचे: पुरुष, महिला आणि मिश्र. ते तीन वगळून हा खेळ बघणं म्हणजे पंगतीला बसून फक्त कोशिंबीर खाणं.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी का होत नाही?

ऑलिंपिकच्या वर्षी ती होत नाही, बाकी वर्षी होते. पहिली स्पर्धा १९७७ मध्ये स्वीडनमधल्या माल्मोला झाली. सुरुवातीला ती तीन वर्षांनी, मग दोन वर्षांनी व्हायची. २००५ पासून सध्याची पद्धत रुळली. भारतात ती २००९ मध्ये हैदराबादला झाली होती आणि २०२६ चं यजमानपद नवी दिल्लीला मिळालं आहे.

एक गोष्ट ऐकून बरेच जण चकित होतात. या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम नसते. एक डॉलरही नाही. पदक, किताब आणि क्रमवारीचे गुण, बस्स. पैसा आहे तो वर्षभर चालणाऱ्या वर्ल्ड टूरच्या स्पर्धांत.

भारताचं पहिलं पदक १९८३ चं, प्रकाश पदुकोण यांचं कांस्य. सुवर्ण आजवर एकच, २०१९ मध्ये बासेलला पी. व्ही. सिंधूचं. अंतिम सामन्यात तिनं जपानच्या नोझोमी ओकुहाराला २१-७, २१-७ असं धुतलं. दोनच वर्षांपूर्वी ग्लासगोच्या अंतिम सामन्यात याच ओकुहारानं तिला ११० मिनिटं झुंजवून हरवलं होतं. आधी ग्लासगो बघा आणि मग बासेल. त्या एकतर्फी स्कोअरला वजन कुठून आलं ते कळेल.

ऑल इंग्लंडला एवढा मान कशामुळे?

वयामुळे. ती १८९९ मध्ये सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नव्हती तोवर ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगातला सर्वोत्तम असं सरळ धरलं जायचं. इंडोनेशियाच्या रुडी हार्टोनोनं ती आठ वेळा जिंकली, त्यातली सात ओळीनं. १९९४ पासून ती बर्मिंगहॅमला भरते. आजच्या वर्गवारीत ती चार सुपर १०००, म्हणजे वरच्या दर्जाच्या, स्पर्धांपैकी एक; गुण आणि पैसे बाकी तिघींइतकेच. मान मात्र वेगळा.

भारतीयांनी ती दोनदा जिंकली. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं. स्वी किंगचा उडी मारून मारलेला स्मॅश तेव्हा जगात गाजत होता. प्रकाशनं फुलाचा, म्हणजे शटलचा, वेग काढून घेतला, नेटजवळ आणि मागच्या कोपऱ्यांत खेळवत त्याला तो स्मॅश मारण्याजोगी संधीच दिली नाही. दुसरं विजेतेपद २००१ चं, पुलेला गोपीचंद यांचं. त्यानंतर सायना २०१५ मध्ये आणि लक्ष्य सेन २०२२ मध्ये अंतिम फेरीत पोहोचून हरले. अगदी मागे गेलात तर १९४७ मध्ये प्रकाश नाथही अंतिम फेरीत होते.

सुपर १०००, ७५०, ५००, ३००, १०० ही काय भानगड आहे?

२०१८ पासून सुरू झालेल्या वर्ल्ड टूरच्या या पायऱ्या. आकडा मोठा तितकी स्पर्धा वरची: पैसे जास्त, गुण जास्त, प्रतिस्पर्धी तगडे. हे आकडे म्हणजे मिळणारे गुण नव्हेत, नुसती नावं आहेत. सुपर १००० च्या विजेत्याला प्रत्यक्षात १२,००० गुण मिळतात, ७५० ला ११,०००, ५०० ला ९,२००, ३०० ला ७,००० आणि १०० ला ५,५००.

सध्याच्या रचनेत सुपर १००० चार आहेत: मलेशिया, ऑल इंग्लंड, इंडोनेशिया, चीन. त्यात जकार्ताची इंडोनेशिया ओपन एकदा तरी आवाज पूर्ण वाढवून बघा. तिथले प्रेक्षक प्रत्येक फटक्याला ओरडतात आणि दुहेरीला एकेरीपेक्षा जास्त ओरडतात. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी २०२३ मध्ये तिथेच भारताला पहिलं सुपर १००० विजेतेपद मिळवून दिलं.

दिल्लीची इंडिया ओपन २०२३ पासून सुपर ७५० आहे आणि लखनऊची सय्यद मोदी स्पर्धा सुपर ३००. वर्षअखेरीला वर्ल्ड टूर फायनल्स होतात, तिथे प्रत्येक प्रकारातले फक्त आठ जण किंवा आठ जोड्या.

पैशांचा अंदाज हवा असेल तर २०२५ च्या ऑल इंग्लंडची एकूण रक्कम १४ लाख ५० हजार डॉलर होती. एकेरीच्या विजेत्याला त्यातले ७ टक्के, म्हणजे १,०१,५०० डॉलर. पुरुष आणि महिला, दोघांनाही सारखेच. दुहेरीतल्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के, आणि ते दोघांत वाटून घ्यायचे! म्हणजे दुहेरीवाल्याच्या हाती एकेरीवाल्याच्या जेमतेम निम्मे पडतात. दुहेरीकडे होणाऱ्या दुर्लक्षाची मुळं अशी थेट हिशेबाच्या वहीत सापडतात.

जागतिक क्रमवारी कशी ठरते? काल जिंकलेला खेळाडू आज खाली कसा घसरतो?

गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा निकालांचे गुण मोजतात आणि दर मंगळवारी यादी लागते. ५२ आठवडे उलटले की जुने गुण गळून पडतात. त्यामुळे गेल्या वर्षी जी स्पर्धा जिंकली तिथे यंदा उपांत्यपूर्व फेरीतच हरलात तर खेळ बरा होऊनही क्रमवारीत घसरण होते. बातमीत ‘घसरला’ वाचून लगेच त्या पोराची कारकीर्द संपवू नका.

दमलेले, दुखावलेले खेळाडू तरीही खेळताना का दिसतात?

नियमच तसा आहे. एकेरीतले पहिले १५ आणि दुहेरीतल्या पहिल्या १० जोड्या यांना वर्षातल्या सगळ्या सुपर १००० आणि सुपर ७५० स्पर्धा खेळाव्याच लागतात, शिवाय सुपर ५०० पैकी दोन. पटेल असं कारण न देता गैरहजर राहिलं तर ५,००० डॉलर दंड. डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसननं २०२६ च्या जानेवारीत दिल्लीतल्या हवेचं कारण देऊन इंडिया ओपनमधून माघार घेतली आणि दंड सोसला. हा नियम प्रायोजकांच्या सोयीचा आहे, गुडघ्यांच्या नाही.

थॉमस, उबेर आणि सुदीरमन चषकांत फरक काय?

तिन्ही देशांमधल्या सांघिक स्पर्धा. थॉमस पुरुषांची आणि उबेर महिलांची. दोन्ही सम वर्षी, एकाच ठिकाणी. सुदीरमन मिश्र संघांची, विषम वर्षी.

थॉमस चषक सर जॉर्ज थॉमस यांच्या नावाचा. पहिली स्पर्धा १९४९ मध्ये मलायानं जिंकली. उबेर चषक इंग्लंडच्या बेटी उबेर यांच्या नावाचा. त्याच्या पहिल्या तीन स्पर्धा अमेरिकेनं जिंकल्या होत्या, आज खरं वाटणार नाही असं. सुदीरमन हे इंडोनेशियातल्या बॅडमिंटनचे धुरीण. त्यांच्या नावाचा चषक १९८९ पासून सुरू झाला. पहिला इंडोनेशियानं घरच्या मैदानावर जिंकला, २०२५ पर्यंतचे १४ चीनने.

थॉमस आणि उबेरमध्ये एका लढतीत पाच सामने असतात: तीन एकेरी, दोन दुहेरी. ज्याचे तीन आधी, तो जिंकला. सुदीरमनमध्ये पाचही प्रकारांचा एकेक सामना, म्हणजे पाचांपैकी तीन दुहेरीचे. आता लक्षात येईल की भारत सुदीरमनमध्ये आजवर पदकापर्यंत का पोहोचला नाही. एक सिंधू किंवा एक लक्ष्य असून भागत नाही. देशात दुहेरीचे प्रशिक्षक किती, मिश्र दुहेरीसाठी वेगळा सराव कोण करतं, या प्रश्नांची उत्तरं सुदीरमन चषकात चव्हाट्यावर येतात.

भारतानं जिंकलेला २०२२ चा थॉमस चषक एवढा मोठा का मानायचा? जिंकणारे खेळाडू तर आधीच नामवंत होते.

कारण तोवर तो चषक फक्त पाच देशांनी जिंकला होता: इंडोनेशिया, मलेशिया, चीन, जपान, डेन्मार्क. भारत सहावा. त्याआधी भारत १९७९ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला होता, त्यालाही ४३ वर्षं झाली होती.

बँकॉकच्या त्या आठवड्याचे निकाल ओळीनं लावून बघा. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध पहिला सामना लक्ष्य हरला. दुसरा सात्विक-चिराग जिंकले. तिसरा श्रीकांत जिंकला. चौथा, दुसऱ्या जोडीचा, गेला. पाचवा एच. एस. प्रणॉयनं काढला. उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध हुबेहूब तोच क्रम: लक्ष्य व्हिक्टर अ‍ॅक्सलसनकडून हरला, सात्विक-चिराग जिंकले, श्रीकांत जिंकला, दुसरी जोडी हरली आणि २-२ असताना प्रणॉय कोर्टवर आला. पहिला गेम १३-२१ असा गेलेला, त्यात पाय घसरून घोटा दुखावलेला. पुढचे दोन गेम त्यानं २१-९, २१-१२ घेतले.

प्रणॉयचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण दोन्ही दिवशी दुहेरीतला तो एक सामना हातातून गेला असता तर पाचवा सामना खेळायची वेळच आली नसती. एकेरीत त्याआधीही भारत बलाढ्य होता. फरक पडला तो जागतिक दर्जाची एक जोडी हाताशी आल्यामुळे.

अंतिम लढत गतविजेत्या इंडोनेशियाशी. लक्ष्यनं अँथनी गिंटिंगविरुद्ध पहिला गेम ८-२१ असा गमावला आणि पुढचे दोन घेतले. दुसऱ्या सामन्यात मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्जो या मुरलेल्या खेळाडूंनी पहिला गेम घेतला. दुसऱ्या गेममध्ये भारतीय जोडीनं चार मॅच पॉइंट वाचवून तो २३-२१ असा खेचला, मग तिसरा २१-१९. श्रीकांतनं जोनाथन क्रिस्टीला सरळ गेममध्ये हरवून ३-० वर शिक्का मारला. इंडोनेशियाकडे तेव्हा १४ थॉमस चषक होते, हे ध्यानात ठेवून तो ३-० वाचावा.

दुहेरी बघताना काहीच कळत नाही, फार वेगात चालतं. नेमकं काय बघायचं?

फुलाकडे बघू नका, चौघांच्या उभं राहण्याकडे बघा. आक्रमण करणारी जोडी एकामागे एक उभी असते: मागचा स्मॅश मारतो, पुढचा नेटवर टपून असतो. बचाव करणारी जोडी शेजारी-शेजारी, अर्धं-अर्धं कोर्ट वाटून घेते. फूल वर उचललं की पुढे-मागे असलेली जोडी झटकन शेजारी-शेजारी येते. रॅलीत हा बदल कधी आणि कोणामुळे झाला हे दिसायला लागलं की निम्मी दुहेरी समजली.

उरलेली निम्मी पहिल्या तीन फटक्यांत आहे. सर्व्ह, परतवलेलं फूल आणि तिसरा फटका. सर्व्ह घेणारा पुढच्या रेषेला पाय चिकटवून, रॅकेट डोक्याच्या वर धरून उभा राहतो. सर्व्ह नेटपासून दोन बोटं जास्त उंच गेली तरी तो ती तिथल्या तिथे ठेचतो. म्हणून सर्व्ह करणारा फूल पिसांना धरून, बॅकहँडनं, जवळजवळ ढकलल्यासारखं मारतो. जगातले मोठे सामने या एका ढकलण्यावर फिरलेले आहेत. टीव्हीवर नेमका तेव्हाच मागच्या रॅलीचा रिप्ले चालू असतो, ही माझी कायमची तक्रार.

सुरुवात करायला २०२५ मध्ये अकरा विजेतेपदं पटकावणारी कोरियाची किम वोन-हो आणि सिओ सेउंग-जे ही जोडी उत्तम. त्याच वर्षी त्यांच्याच देशाच्या आन से-यंगनंही महिला एकेरीत अकरा जिंकली. आपल्याकडच्या बातम्यांत तिचं नाव सगळीकडे होतं, त्या दोघांचं शोधावं लागलं.

गुण कसे मोजतात? १५ गुणांचं काय चाललंय?

२००६ पासून २१ गुणांचे तीन गेम, दोन जिंकले की सामना. सर्व्ह कोणाचीही असो, रॅली जिंकेल त्याला गुण. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते आणि २९-२९ ला पुढचा एक गुण घेणारा जिंकतो. ११ गुणांवर एक मिनिट थांबतात, गेमच्या मध्ये दोन मिनिटं.

त्याआधी १५ गुणांचा (महिला एकेरीत ११) गेम होता आणि गुण फक्त सर्व्ह करणाऱ्यालाच मिळायचा. म्हणून १९८० च्या त्या १५-३ चा अर्थ आजच्या स्कोअरसारखा लावता येत नाही. मध्यंतरी ११ गुणांचे पाच गेम करण्याचा प्रस्ताव २०१८ आणि २०२१ अशा दोन्ही वेळी पुरेशा मतांअभावी बारगळला. २०२५ पासून १५ गुणांच्या तीन गेमची चाचणी काही स्पर्धांत घेतली गेली, तिच्यात गुण आजच्यासारखेच रॅलीला मिळतात. माझं मत विरोधातलं आहे. ११-१८ वरून परत येणारा खेळाडू हेच बॅडमिंटनचं खरं नाट्य, आणि गेम आखूड झाला की त्यालाच कात्री लागते.

सर्व्हच्या उंचीवरून एवढे वाद का?

पूर्वी सर्व्ह कमरेच्या खाली हवी असा नियम होता आणि कंबर कुठे संपते यावर पंच आणि खेळाडूंची जुंपायची. २०१८ पासून सगळ्यांना एकच उंची: जमिनीपासून १.१५ मीटर. उंच खेळाडूंना गुडघे वाकवावे लागतात, पण वाद कमी झाले. २०२३ मध्ये बोटांनी फूल फिरवून करायची सर्व्ह आली. ती परतवणं इतकं अवघड ठरलं की जागतिक बॅडमिंटन महासंघानं त्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली.

स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर, हे खरं का?

खरं, पण अर्थ समजून घ्या. एप्रिल २०२३ मध्ये जपानमधल्या योनेक्सच्या कारखान्यात सात्विकचा हा वेग मोजला गेला, गिनीजमध्ये नोंद झाली. सामन्यात नव्हे. सामन्यातला गाजलेला विक्रम डेन्मार्कच्या मॅड्स पीलर कोल्डिंगचा, ताशी ४२६ किलोमीटर, आणि तोही २०१७ मध्ये आपल्याकडच्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये. हा वेग रॅकेटमधून सुटतानाचा. फुलाला १६ पिसं असतात, ती हवा अडवतात आणि समोरच्यापर्यंत पोहोचेतो वेग झपाट्यानं उतरतो. तसं नसतं तर कोणीच स्मॅश परतवू शकला नसता.

खेळाडू ‘ड्रिफ्ट’ची तक्रार करतात. बंद हॉलमध्ये वारा कुठून येतो?

वातानुकूलन यंत्रणेतून. फुलाचं वजन जेमतेम ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतं, त्यामुळे झोताचा जरासा कल असला तरी एका बाजूनं मारलेलं फूल रेषेबाहेर जातं आणि दुसऱ्या बाजूनं तेच आखूड पडतं. म्हणून टॉस जिंकणारे पुष्कळदा सर्व्ह सोडून बाजू निवडतात.

फुलंही एकसारखी नसतात. गरम किंवा समुद्रसपाटीपासून उंच जागी हवा विरळ, म्हणून तिथे संथ फुलं लागतात. चाचणी सोपी आहे: मागच्या रेषेवर उभं राहून खालून वर पूर्ण ताकदीनं फूल मारायचं, ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. सामन्याआधी हे होताना टीव्हीवर क्वचितच दाखवतात, स्टेडियममध्ये लवकर गेलात तर दिसेल.

उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य कसं?

जागतिक अजिंक्यपद आणि आशियाई स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाचा सामना होत नाही. ऑलिंपिकमध्ये होतो. म्हणून २०२४ ला पॅरिसमध्ये लक्ष्य सेन उपांत्य फेरी गाठूनही कांस्यपदकाच्या सामन्यात ली झी जियाकडून हरून रिकाम्या हातानं परतला. सिंधूनं टोकियोत तोच सामना जिंकून आपलं दुसरं ऑलिंपिक पदक घेतलं. पहिलं २०१६ चं रौप्य. सायनाला लंडनला कांस्य मिळालं ते चीनच्या वांग शिननं दुखापतीमुळे सामना सोडल्यावर.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना बाहेर का काढलं होतं?

मुद्दाम हरत होते म्हणून. महिला दुहेरीत साखळी फेऱ्या होत्या. साखळीत हरलं तर बाद फेरीत सोपी वाट मिळेल असा हिशेब करून चार जोड्या, दोन कोरियाच्या, एक चीनची, एक इंडोनेशियाची, सर्व्ह जाणूनबुजून नेटमध्ये मारत राहिल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आठही जणी बाद. पुढे दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांसाठी साखळीनंतर पुन्हा सोडत काढायची पद्धत आली आणि ही पळवाट बुजली.

महाराष्ट्राचा या सगळ्यात वाटा किती?

सुरुवातीपासून. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्कारांच्या मानकऱ्यांत होते. क्रिकेटवाले दि. ब. देवधर सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या होत्या, हे फार थोड्यांना. पुढे मुंबईच्या अपर्णा पोपटनं ओळीनं नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद राखलं. नागपूरच्या मालविका बनसोडनं २०२२ च्या इंडिया ओपनमध्ये सायनाला हरवलं.

आणि मुंबईचा चिराग शेट्टी. थॉमस चषक, २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतलं भारताचं बॅडमिंटनमधलं पहिलं सुवर्ण, त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत अव्वल, जागतिक स्पर्धेत दोन कांस्यं. सगळं सात्विकच्या जोडीनं. आकडे समोर ठेवले तर या राज्यानं आजवर दिलेला सर्वांत यशस्वी बॅडमिंटनपटू तोच, असं मी म्हणेन. दुहेरीवाला नसता तर हे वाक्य लिहायला एवढा वेळ लागला नसता.

स्टेडियममध्ये जाऊन बघायचं असेल तर कोणत्या दिवशी जावं?

बहुतेक जण रविवारचं, अंतिम सामन्यांचं तिकीट काढतात. ते महाग असतं आणि दिवसभरात पाचच सामने. वर्ल्ड टूरची स्पर्धा मंगळवारी सुरू होते. मंगळवार-बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच वेळी तीन-चार कोर्ट चालू असतात, तिकीट स्वस्त असतं आणि पुढच्या रांगेत जागा मिळते. बाजूच्या कोर्टजवळ, नेटच्या रेषेत बसा. मागून बघितलं तर फुलाची उंची कळत नाही. कोर्टवर मिश्र दुहेरी चालू असेल तर उठून चहाला जाऊ नका.